सुरांचं देणं, सुरांचं घेणं

युक्रेनच्या 'दाखाब्राखा' या चौघांच्या संचानं खेड्यातल्या आजीबाईंची गाणी जगभरच्या रंगमंचांवर नेली. पण हे चौघे गाणं शिकले कुठे? तिघींची शाळा एक, चौथ्याची अगदी निराळी. या न जुळणाऱ्या शिदोरीतूनच त्यांचं संगीत उभं राहिलं.

एका ओळीत चार खुर्च्या मांडलेल्या असतात. तीन खुर्च्यांवर स्त्रिया, चौथीवर पुरुष. स्त्रियांच्या अंगावर पायघोळ झगे, गळ्यात मण्यांच्या माळा आणि डोक्यावर लोकरीच्या उंच टोप्या. इतक्या उंच, की शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही आधी त्याच दिसाव्यात. एकीचा आवाज खालच्या पट्टीत सुरू होतो. दुसरी तिच्यात मिसळते, पण त्याच सुरावर नव्हे, थोड्या वरच्या. तिसरी आणखी वेगळ्या सुरावर येते. मग ढोलाचा एक संथ ठोका पडतो आणि चौथ्या खुर्चीवरचा पुरुष एकदम इतक्या उंच स्वरात गाऊ लागतो, की क्षणभर हा आवाज कुणाचा तेच कळत नाही.

'दाखाब्राखा' या युक्रेनी संचाच्या कार्यक्रमाचं हे नेहमीचं दृश्य. नीना गारेनेत्स्का, इरिना कोवालेन्को, ओलेना त्सिबुल्स्का आणि मार्को हालानेविच अशी या चौघांची नावं. युरोपातले महोत्सव, अमेरिकेतली सभागृहं, ऑस्ट्रेलियातली मैदानं असा त्यांचा प्रवास झाला आहे. त्यांची भाषा न समजणारे हजारो श्रोते त्यांच्या गाण्यावर डोलले आहेत. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला साहजिकच प्रश्न पडतो. ही मंडळी एखाद्या मोठ्या संगीत विद्यालयात तयार झाली असतील का? की पिढ्यान्‌पिढ्या गाणाऱ्या घराण्यातली असतील?

दोन्ही अंदाज चुकतात. या चौघांच्या तयारीची गोष्ट त्याहून वेगळी आणि जास्त रंजक आहे.

छपराखालचा जन्म

युक्रेनची राजधानी कीव्ह. तिथे व्लादिस्लाव त्रोयित्स्की या दिग्दर्शकानं 1994 साली 'दाख' नावाचं एक छोटं प्रायोगिक नाट्यगृह सुरू केलं. युक्रेनी भाषेत 'दाख' म्हणजे छप्पर. त्या वेळी सोव्हिएत संघ मोडून युक्रेन स्वतंत्र झाल्याला जेमतेम तीन वर्षं झाली होती. आपलं म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न तिथल्या कलावंतांसमोर होता. आपली भाषा, आपल्या कथा, आपली गाणी कुठे आहेत, त्यांचं आज काय करायचं, याचा शोध चालला होता.

त्रोयित्स्कींना आपल्या नाटकांसाठी जिवंत संगीत हवं होतं. रंगमंचाच्या मागे ध्वनिमुद्रण लावून भागणारं नव्हतं. नटांच्या शेजारी बसून गाणारी, वाजवणारी, प्रसंगाबरोबर श्वास घेणारी माणसं त्यांना हवी होती. त्या गरजेतून 2004 साली या संचाचा जन्म झाला. नाव ठेवलं 'दाखाब्राखा'. जुन्या युक्रेनी भाषेतल्या 'देणे' आणि 'घेणे' या दोन क्रियापदांवरून ते घडवलेलं आहे. त्यात 'दाख' हे नाट्यगृहाचं नावही आपोआप येऊन बसलं.

देणं आणि घेणं. या नावातच चौघांची गोष्ट सामावलेली आहे. कोणी काय आणलं आणि कोणी कोणाकडून काय घेतलं, ते पाहू.

आजीबाईंची शाळा

नीना, इरिना आणि ओलेना या तिघी एकमेकींना नाट्यगृहात भेटल्या नाहीत. त्यांची ओळख त्याआधीची, लोकगीतांमुळे झालेली. कीव्हमधल्या संस्कृती आणि कला विद्यापीठात त्यांनी लोकसंगीताचं रीतसर शिक्षण घेतलं आणि त्या एकत्र गात होत्या. म्हणजे एका अर्थी त्या पदवीधर गायिका आहेत. पण या विषयाचा अभ्यास वर्गात बसून पुरा होत नाही. त्यासाठी खेड्यात जावं लागतं.

तिथे लोकसंगीताचे विद्यार्थी ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन दूरच्या गावी जातात. गावातल्या म्हाताऱ्या बायकांना शोधून काढतात. अशा आजीबाईंना युक्रेनमध्ये 'बाबुस्या' म्हणतात. प्रत्येकीकडे वेगळी गाणी. वसंताला बोलावण्याची, कापणीची, लग्नात नवरीची वेणी सोडतानाची, लग्नाची पाव-भाकर मळतानाची, नाताळात दारोदार फिरून म्हणायची, बाळाला जोजवायची. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या पुस्तकातून शिकलेल्या नसायच्या, आईच्या मांडीला मांडी लावून दळताना त्या कानावर पडायच्या. तिथल्या आजीबाईंचंही तेच. त्यांना स्वरलिपी येत नाही, पण एक स्वर इकडचा तिकडे झाला तर त्या हात वर करून थांबवतात.

या शाळेत पहिला धडा असतो तो आवाजाचा. युक्रेनी खेड्यातलं गाणं उघड्या गळ्यानं गायलं जातं. त्याला तिकडे 'पांढरा आवाज' असंही म्हणतात. पाश्चात्त्य शास्त्रीय गायनात आवाज गोलाकार करतात, त्याला हलकासा कंप देतात. इथे तसं काही नाही. शेताच्या या बांधावरून त्या बांधावरच्या मैत्रिणीला हाक मारावी, तसा छातीतून येणारा सरळ, धारदार, मोकळा स्वर. ध्वनिवर्धक नसलेल्या काळात हे गाणं उघड्यावर गायचं होतं. उत्तरेकडच्या पोलिस्या या जंगल-दलदलीच्या प्रदेशात वसंतगीताची ओळ संपली, की शेवटी एक उंच कूक घालतात. ती हाक रानात घुमत जावी, वसंतानं ती ऐकावी, ही त्यामागची कल्पना.

दुसरा धडा मिळून गाण्याचा. आपल्या संगीतात चार जण एकत्र गायले, तरी बहुतेक वेळा सगळे एकाच सुरावटीवर असतात. मध्य युक्रेनच्या खेड्यांत तसं नसतं. एकजण गाणं उचलते, बाकीच्या खालच्या स्वरांत मिसळतात आणि एखादी तयार गळ्याची बाई सगळ्यांच्या वरून आपली वेगळी रेघ ओढत जाते. कोणी कोणता स्वर घ्यायचा, हे लिहिलेलं नसतं. शेजारणीचा आवाज ऐकत ऐकत आपली जागा शोधायची असते. म्हणजे गाता येणं जितकं महत्त्वाचं, तितकंच ऐकता येणं.

दाखाब्राखाच्या तिघी एकमेकींकडे न पाहता इतक्या नेमकेपणानं गातात, त्याचं रहस्य या ऐकण्याच्या शिक्षणात आहे.

गाणी वेचणारी माणसं

या तिघी खेडोपाडी गेल्या त्या एका मळलेल्या वाटेनंच. ती वाट शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांनी पाडलेली होती आणि ती सोपी नव्हती.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युक्रेनमध्ये गावोगाव फिरणारे अंध गायक होते. 'कोबझार' हे त्यांचं नाव. कोबझा किंवा बांदुरा हे तंतुवाद्य वाजवत ते लांबलचक वीरगाथा गायचे. ही माणसं गेली तर त्यांच्याबरोबर गाथाही जाणार, हे ओळखून फिलारेत कोलेसा या संगीतज्ञानं 1908 साली पोल्तावा भागात जाऊन मेणाच्या नळकांड्यांवर त्यांचं गाणं टिपून घेतलं. या कामाला पैसा पुरवला होता तो प्रसिद्ध कवयित्री लेस्या उक्राइन्का आणि त्यांचे पती क्लिमेंत क्वित्का यांनी. लेस्या स्वतः क्षयानं आजारी होत्या. क्वित्कांनी आयुष्यभरात सहा हजारांहून अधिक लोकगीतं गोळा केली. इतकं काम करणाऱ्या या अभ्यासकाला 1933 साली अटक झाली आणि श्रमछावणीत दिवस काढावे लागले.

त्याच 1932-33 च्या सुमारास स्टालिनच्या राजवटीत युक्रेनच्या खेड्यांवर मानवनिर्मित दुष्काळ कोसळला. धान्य सक्तीनं काढून नेलं गेलं. पस्तीस लाखांहून अधिक माणसं भुकेनं मेली, असा अनेक इतिहासकारांचा अंदाज आहे. ज्या खेड्यात लग्नं होत नाहीत, कापणीला माणूस उरत नाही, तिथे लग्नाची आणि कापणीची गाणी कोण म्हणणार? पुढे 1986 साली चेर्नोबिलच्या अणुभट्टीत स्फोट झाला आणि पोलिस्यातली गावंच्या गावं रिकामी करावी लागली. शेजारणी-शेजारणी वेगवेगळ्या ठिकाणी पांगल्या. चौघींनी मिळून म्हणायचं गाणं एकटीनं कसं म्हणायचं?

सोव्हिएत काळात लोकगीतांना बंदी होती असं मात्र नाही. उलट त्यांचे मोठमोठे सरकारी गायकवृंद होते. त्यांपैकी हृहोरी वेर्योव्का यांचा वृंद 1943 साली, ऐन युद्धात उभा राहिला आणि पुढे जगभर गाजला. पण अशा मंचावर गाणं चकचकीत झालं. एकसारखे रंगीत पोशाख, हसरे चेहरे, नीटनेटकी रचना. खेड्यातला खरखरीत, धारदार स्वर त्यात हरवला. याची चुटपुट लागलेल्या काही तरुणांनी 1979 साली कीव्हच्या संगीत विद्यालयात येव्हेन येफ्रेमोव्ह यांच्या पुढाकारानं 'द्रेवो' नावाचा संच काढला. द्रेवो म्हणजे झाड. त्यांचा नियम साधा होता. खेड्यात जायचं, ऐकायचं आणि तिथल्यासारखंच गायचं.

दाखाब्राखाच्या तिघी या वाटेवरच्या पुढच्या पिढीतल्या. त्या खेड्यांत पोहोचल्या तेव्हा अनेक गावांत गाणाऱ्या दोन-चारच म्हाताऱ्या उरल्या होत्या. युनेस्कोनं 2016 साली युक्रेनच्या निप्रोपेत्रोव्ह्स्क भागातली कोसॅक गीतं 'तातडीनं जपायला हवा' अशा वारशाच्या यादीत घातली. कारण हेच. गाणारे थकलेले, आणि पुढे शिकणारे थोडे.

चौथा गडी

आता चौथ्या खुर्चीकडे वळू. मार्को हालानेविच यांच्याकडे संगीताची पदवी नाही. त्यांचं शिक्षण भाषा आणि साहित्याचं. ते 'दाख'मध्ये आले ते नट म्हणून.

कल्पना करा. एका बाजूला लोकसंगीतात मुरलेल्या तीन मुली, कोणतं गाणं कोणत्या जिल्ह्यातलं हे ऐकताक्षणी सांगतील अशा. दुसऱ्या बाजूला एक नट, ज्याला हे काही माहीत नाही. एखाद्या पारंपरिक संचात अशा माणसाला फार तर पडदा ओढायला ठेवलं असतं. इथे तोच संचाचा एक आधार झाला.

याचं कारण असं, की ज्याला नियम ठाऊक नसतात त्याला ते मोडण्याची भीतीही वाटत नाही. खेड्यातल्या विवाहगीताला आफ्रिकी ढोलाचा ठेका द्यायचा का, ओळीच्या मध्येच पक्ष्याची शीळ घालायची का, असे प्रश्न शिकलेल्या माणसाला अडवतात. नट मात्र विचारतो, या प्रसंगाला काय हवं आहे? इथे रात्र आहे का? पाऊस आहे का? कोणी वाट पाहत आहे का? मार्को यांनी आवाजालाच वाद्य बनवलं. कधी स्त्रीच्या आवाजाइतका उंच स्वर, कधी पाखरांचा किलबिलाट, कधी नुसता श्वास.

साहित्याच्या अभ्यासाचाही उपयोग झालाच. लोकगीताचे शब्द साधे दिसतात, पण त्यांत अर्थाचे थर असतात. पाण्यावर आलेली मुलगी, नदीपार गेलेला घोडा, वाकलेलं झाड, या प्रतिमांमागे कधी प्रेम असतं, कधी मरण. शब्दांचा माणूस संचात असणं म्हणजे गाण्याचा अर्थ राखणारा कोणीतरी असणं.

मुलांना संगीताच्या वर्गाला घालावं की त्यांना आपापलं गुणगुणू द्यावं, असा वाद आपल्याकडेही घरोघरी होतो. या संचाकडे पाहिलं की वाटतं, शिस्तीत शिकलेली तिघं आणि मोकळेपणानं आलेला एक, हे प्रमाण काही वाईट नाही.

कोणाच्या हाती काय

चौघेही गातात आणि चौघेही वाजवतात. वेगळा वादक कोणी नाही. त्यामुळे एकेकाच्या हाती वाद्यांचा संसारच असतो.

नीना यांच्या हाती चेलो असतो. व्हायोलिनच्या कुळातलं हे मोठं वाद्य, बसून गुडघ्यांत धरून वाजवायचं. पाश्चात्त्य वाद्यवृंदात ते गंभीर, मुलायम स्वरांसाठी ओळखलं जातं. नीना त्यावर गज फिरवतात, तारा बोटांनी छेडून खर्जातला ठेकाही धरतात. इरिना यांच्याकडे जेंबे हा आफ्रिकी ढोल, अकॉर्डियन, पियानो आणि फुंकून वाजवायची खेड्यातली वाद्यं. त्यांतलं 'झालेयका' म्हणजे पिपाणीसारखं वाद्य, पुढे शिंगाचं तोंड. ओलेना मोठे ढोल सांभाळतात आणि 'गार्मोश्का' ही बटणांची छोटी अकॉर्डियन वाजवतात. ही अकॉर्डियन आपल्या पेटीच्याच जातीची. दोन्हींत भात्यातली हवा धातूच्या पातळ पट्ट्यांवरून जाते आणि स्वर निघतो.

सगळ्यांत गमतीचं वाद्य म्हणजे 'बुहाय'. शब्दाचा अर्थ वळू. लाकडी पिंपाच्या एका तोंडावर कातडं ताणून बसवलेलं आणि त्याच्या मधोमध घोड्याच्या केसांचा झुबका. हात ओला करून तो झुबका ओढत राहायचं. केस हातातून सरकताना कातडं थरथरतं आणि वळूनं हंबरावं तसा आवाज घुमतो. नव्या वर्षाच्या सणात दारोदार फिरणाऱ्या मुलांच्या टोळ्या हे वाद्य घेऊन निघतात.

मार्को यांच्याकडे अरबी दरबुका, ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांचं डिजेरिडू हे लांब नळीचं वाद्य, तोंडात धरून छेडायचं मोरचंग, आणि चक्क आपला तबला! अर्थात इथे तबल्यावर कायदे-रेले आणि परण यांची मांडणी नसते. त्याचा घुमारा तेवढा त्यांनी आपल्या गाण्यात घेतला आहे. भारतीय श्रोत्याला ऐकताना गंमत वाटते. पोलिस्याच्या रानातलं गाणं, आणि त्याच्या तळाशी ओळखीचा बायाँ.

नाटकानं दिलेली नजर

त्रोयित्स्की यांनी शेक्सपिअरच्या मॅकबेथ, किंग लिअर आणि रिचर्ड तिसरा या नाटकांवर आधारलेले प्रयोग केले. त्यांच्या संगीताची बाजू दाखाब्राखानं सांभाळली. स्कॉटलंडच्या राजाच्या गोष्टीला युक्रेनी खेड्यातली गाणी! पण राजवाड्यातलं कारस्थान असो वा झोपडीतलं, भीती आणि शोक सगळीकडे सारखेच. त्या प्रयोगांतून चौघांना एक शिस्त लागली. शांततेला घाबरायचं नाही, आवाज हळूहळू चढवत न्यायचा आणि नेमक्या क्षणी तोडायचा.

ते स्वतः आपल्या संगीताला 'एथ्नो-केऑस' म्हणतात. म्हणजे लोकसंगीताचा गोंधळ. ऐकणाऱ्याला मात्र त्यात गोंधळ कमी आणि रचना जास्त दिसते. 2006 साली त्यांचा 'ना दोब्रानिच' म्हणजे 'शुभ रात्री' हा पहिला संग्रह आला. पुढे 2010 साली 'लाइट', 2012 साली बेलारूसच्या 'पोर्ट मोने' या त्रयीबरोबर एक संग्रह, 2016 साली 'श्ल्याख' म्हणजे 'वाट', आणि 2020 साली 'अलांबारी' आला. 'श्ल्याख'मध्ये क्रिमियातल्या तातारांचं एक गाणंही त्यांनी घेतलं. 2012 साली त्यांनी अलेक्सांद्र दोव्झेन्को यांच्या 'भूमी' या 1930 सालच्या मूकपटाला संगीत दिलं. युक्रेनी खेड्यातल्या सामूहिक शेतीच्या काळाची ती कथा. पडद्यावर निःशब्द शेतकरी आणि समोर बसून त्यांना आवाज देणारे हे चौघे, असे त्या चित्रपटाचे प्रयोग झाले.

2014 साली अमेरिकेतल्या बॉनरू महोत्सवात त्यांनी गायलं आणि तिथलं मोठं संगीत-मासिक 'रोलिंग स्टोन' यानं त्यांचं भरभरून कौतुक केलं. 2017 साली 'फार्गो' या अमेरिकी दूरदर्शन मालिकेत त्यांचं गाणं वाजलं. 2020 साली मायदेशी त्यांना शेवचेन्को राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हा युक्रेनमधला साहित्य-कलांचा सर्वोच्च सन्मान.

पण हे लोकगीत म्हणायचं का?

जाणकारांचा आक्षेप समजण्यासारखा आहे. ज्या गाण्यासाठी कोलेसा मेणाची नळकांडी घेऊन हिंडले, ते गाणं ढोल, चेलो आणि तबल्यात मिसळून टाकणं म्हणजे त्याचं मूळ रूप बिघडवणं नाही का? जो श्रोता फक्त दाखाब्राखाच ऐकेल, त्याला खेड्यातलं गाणं असंच असतं असं वाटणार नाही का?

या शंकेत तथ्य आहे. म्हणूनच संग्रहालयात, ध्वनिफितींत मूळ गाणं जसंच्या तसं राखणारी माणसं हवीतच. द्रेवोसारखे संच हवेत. पण एक गोष्ट विसरून चालत नाही. खेड्यातही गाणं कधी गोठलेलं नव्हतं. एका गावातून दुसऱ्या गावात सून म्हणून गेलेली मुलगी आपलं गाणं घेऊन जायची आणि सासरच्या बायका त्याला आपलं वळण द्यायच्या. गाणं बदलत होतं म्हणूनच टिकलं होतं. फरक इतकाच, की बदलणाऱ्यांना मूळ गाणं पक्कं येत होतं. दाखाब्राखाच्या बाबतीतही तीच अट पाळली गेली आहे. तिघींनी आधी वर्षानुवर्षं मूळ चाल गळ्यात बसवली, मग चौथ्यानं त्यात खिडक्या पाडल्या. भिंत भक्कम असेल तरच तिला खिडकी पाडता येते.

दुसऱ्या वाटेनं आलेले

अशी वाट चालणारे हे चौघे एकटे नाहीत. 2021 च्या युरोव्हिजन या युरोपव्यापी गीतस्पर्धेत युक्रेनच्या 'गो-ए' या संचाचं 'शुम' हे गाणं पाचवं आलं. खेड्यातल्या वसंतगीतांवरून ते रचलेलं होतं आणि त्याला साथ होती नाचघरातल्या विद्युत-तालाची. गायिका कातेरिना पाव्लेन्को या नीझिन गावच्या. उघड्या गळ्याचं गाणं त्यांनी आपल्या आजीकडून घेतलं. संचाचे संस्थापक तारास शेवचेन्को हे विद्युत-संगीतातले. युक्रेनच्या राष्ट्रकवीचंच नाव त्यांना लाभलं आहे. तिसरे ईहोर दिदेन्चुक 'सोपिल्का' ही बासरी वाजवणारे. पुढच्याच वर्षी, 2022 साली, 'कालुश ऑर्केस्ट्रा' या संचानं तीच स्पर्धा जिंकली, तेव्हाही मंचावर दिदेन्चुक यांची बासरी होती. ते गाणं ओलेह प्स्यूक या रॅप-गायकानं आपल्या आईवर लिहिलेलं. संचानं जिंकलेलं मानचिन्ह लिलावात नऊ लाख डॉलरला विकून ते पैसे देशाच्या संरक्षणासाठी दिले.

तिन्ही संचांत एक साम्य आहे. कोणीतरी एक खेड्यातल्या गाण्यात मुरलेला आणि कोणीतरी एक पूर्णपणे बाहेरचा.

युद्धाच्या सावलीत

कालुशचा विजय झाला तेव्हा युक्रेनमध्ये युद्ध पेटलेलं होतं. त्याची सुरुवात आधीच झाली होती. 2013-14 च्या हिवाळ्यात कीव्हच्या मैदान चौकात सरकारविरुद्ध जनआंदोलन उभं राहिलं. 'दाख डॉटर्स' हा त्याच नाट्यगृहातल्या कलावंत स्त्रियांचा संच तिथे जमलेल्या लोकांसमोर गायला. नीना त्यातही आहेत. 2014 साली रशियानं क्रिमिया बळकावला. तेव्हापासून दाखाब्राखाच्या कार्यक्रमांत रंगमंचावरून युद्ध थांबवण्याचं आवाहन होऊ लागलं. कार्यक्रमाच्या पत्रकात ते स्वतःला 'स्वतंत्र युक्रेनचे दूत' म्हणवू लागले.

24 फेब्रुवारी 2022 रोजी रशियानं युक्रेनवर अनेक बाजूंनी हल्ला चढवला. कलावंतांसमोरचा प्रश्न कठीण होता. घरं, आप्त, शहर मागे ठेवून परदेशी गायला जायचं का? दाखाब्राखानं जायचं ठरवलं. त्याच वसंतात ते युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले. गाणी तीच होती, पण मागच्या पडद्यावर युद्धाची दृश्यं आली. कार्यक्रमांतून मदतनिधी जमवला जाऊ लागला.

त्या गाण्यांचा अर्थही बदलला. शेकडो वर्षांपूर्वी एखादीनं लढाईवर गेलेल्या आपल्या माणसासाठी म्हटलेलं गाणं सभागृहातल्या निर्वासित स्त्रीला आजचं वाटू लागलं. तरुण विद्यार्थिनी असताना आजीबाईंकडून ज्या ओळी अभ्यास म्हणून उतरवून घेतल्या, त्या आपल्याच आयुष्यात अशा उतरतील, असं कोणाला वाटलं असेल? लोकगीताची ताकद यात आहे. ते आधीच सगळं पाहून आलेलं असतं.

परतफेड

'देणे' आणि 'घेणे' या नावाकडे पुन्हा वळू. तिघींनी खेड्यांकडून गाणं घेतलं आणि मार्को यांना दिलं. मार्को यांनी नाटकातून धीटपणा घेतला आणि तिघींना दिला. चौघांनी मिळून अरबांचा दरबुका, आफ्रिकेचा जेंबे आणि आपला तबला घेतला, आणि जगाला आपली भाषा ऐकवली.

या हिशेबात ज्यांनी सगळ्यांत आधी दिलं, त्या आजीबाईंची नावं बहुतेकदा कोणत्याच पत्रकावर नसतात. शहरातल्या अनोळखी पोरी दारात आल्या, तेव्हा त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि गायला सुरुवात केली. चुकलं तिथे थांबवलं, पुन्हा म्हणायला लावलं. 'आता कोण ऐकतं ही जुनी गाणी,' म्हणून त्या गप्प बसल्या असत्या, तर चौथ्या खुर्चीवरच्या माणसाला खिडकी पाडायला भिंतच मिळाली नसती.

आपल्याही घरात कोणी आजी, मावशी, काकू अजून एखादी ओवी, एखादं अंगाईगीत गुणगुणत असेल. पुढच्या सुट्टीत मुलांना तिच्याजवळ बसवा. पदवी लागत नाही. गप्प बसून ऐकता यायला हवं, एवढीच या शाळेची प्रवेशपरीक्षा आहे.